शॉर्टकट म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

"शॉर्टकट मारलास की लेका!"

मागच्या दिवाळीत आष्ट्याला गेलो होतो, तेव्हा एस.टी. स्टँडसमोर एका जुन्या वर्गमित्राने पाठीवर थाप मारून हे वाक्य टाकलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. चहाचे पैसेही त्यानेच दिले. पुण्यात ऑफिसात हेच वाक्य जरा इस्त्री करून येतं. "अरे, जिम लावायची ना, एवढं टोकाला कशाला जायचं?" अर्थ तोच. बाकीचे घाम गाळतात आणि तू मात्र भूल घेऊन झोपलास आणि बारीक होऊन उठलास.

तर मंडळी, आजचा विषय वजन कमी करण्याचं ऑपरेशन. म्हणजे बॅरिअॅट्रिक सर्जरी. माझी झाली आहे, ऑगस्ट २०२३ मध्ये, गॅस्ट्रिक बायपास. तेव्हा वजन १२८ किलो, उंची पाच फूट सात इंच, बीएमआय ४४, वय ३४ आणि डायबेटिस चार वर्षं जुना. आज वजन ८४ आहे. हे आता सगळ्यांना माहीत आहे. आधी नव्हतं. त्या 'आधी'बद्दलच लिहायचंय, कारण ह्या 'शॉर्टकट' शब्दाने माझं हिमोग्लोबिन सातवर आणलं होतं.

अतिशयोक्ती वाटते ना? सांगतो.

ऑपरेशन ठरलं तेव्हा घरात पहिला प्रश्न "धोका किती?" हा नव्हता. पहिला प्रश्न होता, "लोकांना काय सांगायचं?" आईने दोन मिनिटांत तोडगा काढला. पित्ताशयात खडे झालेत म्हणायचं. दुर्बिणीतूनच करतात, पोटावर तशीच चार-पाच भोकं, आठवडाभर विश्रांती. कोणाला शंका यायचं कारण नाही. मी इंजिनिअर माणूस, मलाही हे डिझाइन एकदम स्वच्छ वाटलं. शिवाय मला स्वतःलाच लाज वाटत होती. चौतीस वर्षांचा बाप्या आणि स्वतःच्या तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतो, असं लोक म्हणतील. लोक म्हणायच्या आधी मीच मला म्हणत होतो. त्यामुळे दोष एकट्या आईवर ढकलणार नाही. खोटं दोघांनी मिळून बोललं.

मे २०२४ मध्ये चुलतभावाच्या लग्नासाठी आष्ट्याला होतो. मांडवात खुर्च्या उचलताना कमरेत लचक भरली. आई मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी रीतसर विचारलं, आधी काही ऑपरेशन वगैरे झालंय का? आई म्हणाली, "गेल्या साली पित्ताशयाचं झालंय की." मी समोर बसलो होतो. तोंड उघडलं नाही. बाहेर बाकावर अर्धं गाव बसलेलं आणि दार सताड उघडं. डॉक्टरांनी पेनकिलर लिहून दिली, ब्रुफेन-डायक्लोफेनॅक ह्या जातीची. त्यांची काय चूक? पित्ताशय काढलेल्या माणसाला ती चालते.

बायपास झालेल्या माणसाला चालत नाही. जठराची पिशवी आणि आतडं जिथे जोडलेलं असतं, तिथे ह्या गोळ्यांनी अल्सर होऊ शकतो. डिस्चार्जच्या कागदावर ते लिहिलेलं होतं. कागद पुण्याला कपाटात होता. लग्नाची धावपळ म्हणून गोळ्या मी दहा दिवसांच्या ऐवजी तीन आठवडे घेतल्या. मग एक दिवस शी डांबरासारखी काळी झाली, जिना चढताना धाप लागली आणि रात्री बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलो. एंडोस्कोपीत जोडावरचा अल्सर दिसला. हिमोग्लोबिन ७. दोन बाटल्या रक्त.

म्हणजे ऑपरेशनने मला काही केलं नाही. गुपिताने केलं. आणि गुपित ठेवावं लागलं ते ह्या एका शब्दामुळे. माझा सगळा वाद एवढाच आहे. बाकीचा लेख म्हणजे त्याचे पुरावे.

आधी हा शॉर्टकट नेमका कसा असतो ते बघू. बायपासमध्ये जठराचा वरचा भाग वेगळा करून साधारण ३० मिलिलिटरची पिशवी बनवतात. कटिंग चहाच्या निम्मीसुद्धा नाही. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून पुढचं आतडं त्या पिशवीला जोडतात. दुसरा प्रकार स्लीव्ह. त्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कायमचा काढून टाकतात आणि उरते ती केळ्याएवढी नळी. हे काही कालपरवाचं फॅड नाही. पहिला गॅस्ट्रिक बायपास अमेरिकेत आयोवामध्ये डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये केला.

ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे फक्त पातळ. ताक, मुगाचं कढण, डाळीचं पाणी, तेही घोटाघोटाने. मग पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं. मग मऊ भात, अंड्यातला पांढरा भाग, पनीर. एक अंडं खायला वीस मिनिटं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे, आणि पोट तर वाटीएवढंही नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळतात. (परत येतात. माझे आले, पण तोवर मी टोपी घेतली होती.) बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आयुष्यभर, रक्ताच्या तपासण्या आयुष्यभर. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, म्हणून पहिले सहा महिने त्याचीही गोळी. म्हणजे ज्या खड्यांचं खोटं आम्ही गावभर सांगत होतो, ते खरे होऊ नयेत म्हणून मी रोज गोळी घेत होतो. :)

आता मला सांगा, ह्यात शॉर्ट काय आहे?

सॉफ्टवेअरवाल्यांना एका वाक्यात सांगतो. ऑपरेशन म्हणजे गो-लाइव्ह. त्या दिवशी केक कापतात, मॅनेजर भाषण करतो. खरं काम दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं, त्याला सपोर्ट म्हणतात, आणि त्याचे फोटो कोणी काढत नाही.

दुसरी बाजूही ऐकून घेऊ. "पण डाएट आणि व्यायामाने होतंच ना?" होतं. थोड्यांचं होतं, आणि ज्यांचं होतं आणि टिकतं त्यांना माझा दंडवत. पण १२८ किलोच्या शरीराचा हिशोब वेगळा असतो. अमेरिकेत 'द बिगेस्ट लूझर' नावाचा वजन उतरवण्याचा टीव्ही शो होता. त्यातल्या १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनी अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलेलं होतंच. पण शरीर बसल्या बसल्या जेवढी ऊर्जा जाळतं, ती त्यांच्या वजनाच्या मानाने अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी निघाली. सहा वर्षांनंतरही! शरीर जुनं वजन लक्षात ठेवतं आणि तिकडे परत ओढत राहतं. इच्छाशक्ती आठवडाभर लढते, हार्मोन्स वर्षानुवर्षं लढतात. ऑपरेशन नुसतं पोट लहान करत नाही, भुकेचे आणि तृप्तीचे हार्मोन बदलतं. म्हणून ते चालतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे दोन हजार ऑपरेशन झालेले आणि तेवढेच न झालेले लठ्ठ लोक घेऊन अभ्यास सुरू झाला. २००७ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला की ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण कमी आहे. आळशीपणाचं बक्षीस म्हणून कोणी आयुष्य वाढवून देत नसतं.

आणि वजनाकडे बघून माणसाचं चारित्र्य ओळखणाऱ्यांसाठी आपल्या पुण्यातलंच एक उदाहरण. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळ! चरबी कोणाच्या अंगात किती आणि कुठे बसणार, ह्यात आईच्या पोटातल्या पोषणापासूनच्या गोष्टी येतात, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत वर्षानुवर्षं काम करून दाखवलंय. तेव्हा पंगतीत कोणी किती जिलेब्या घेतल्या त्यावरून निकाल देणं आता थांबवायला हरकत नाही.

पण निकाल देणं आपला राष्ट्रीय छंद आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी शोभा डे यांनी एका जाड पोलिसाचा फोटो टाकून ट्विटरवर मुंबईच्या बंदोबस्तावर विनोद केला. देश हसला. नंतर कळलं की तो गृहस्थ मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेश पोलिसांतला निरीक्षक होता, आणि वजन आजारामुळे वाढलं असं त्याचं म्हणणं होतं. त्याच वर्षी मुंबईत त्याच्यावर हे ऑपरेशन झालं. विचार करा, त्या माणसाला उपचार मिळाले ते आधी देशभर हसं झाल्यावर.

त्याच महिन्यात इजिप्तची इमान अहमद मुंबईत आली. जगातली सर्वांत जाड बाई म्हणून. क्रेन, मालवाहू विमान, चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलबाहेर कॅमेरे. मार्चमध्ये स्लीव्ह झालं. मग रोज किलोंचा स्कोअर यायला लागला, एखादी वन-डे मॅच चालू असल्यासारखा. एप्रिलमध्ये वजनाच्या आकड्यांवरून आणि प्रकृतीवरून तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला, मे महिन्यात तिला अबूधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये ती गेली. तिचे आजार अनेक होते, त्यामुळे कोणाला आरोपी करायला मी हे सांगत नाहीये. मुद्दा एवढाच की आपल्याला ऑपरेशनमधून फक्त किलो दिसतात. नंतरचं दिसत नाही, दिसायला नको असतं.

आणि इथे हॉस्पिटलच्या जाहिरातींनाही सोडणार नाही. हायवेवरच्या त्या होर्डिंग बघा. डावीकडे जाड माणूस, उजवीकडे तोच बारीक, मध्ये एक बाण. त्या बाणात बी-१२ नाही, केसगळती नाही, ताकावर काढलेले दोन आठवडे नाहीत. थोडक्यात, टोमणा मारणारे आणि माल विकणारे दोघंही एकच गोष्ट सांगतात, की हा शॉर्टकट आहे. एक हिणवून सांगतो, एक हसून सांगतो. पेशंट दोघांचंही ऐकतो. जाहिरातीचं ऐकून नंतरची काळजी घेत नाही आणि टोमण्याचं ऐकून कोणाला सांगत नाही.

विम्याचीही तीच तऱ्हा. विमा नियामकाने २०१९ मध्ये एकसारखे नियम केले, त्यामुळे बीएमआय ४० किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार असेल तर पॉलिसीत हे ऑपरेशन बसू शकतं. चांगलंच झालं, माझं त्यातच बसलं. पण माझ्या पॉलिसीने ऑपरेशनचं बिल भरलं आणि पुढे आहारतज्ज्ञ, समुपदेशन, वर्षाच्या तपासण्या, गोळ्या ह्यांच्यासाठी एक रुपया दिला नाही. कापायला पैसे आहेत, जगायला नाहीत.

आता गावाकडे येऊ, कारण खरी परीक्षा तिथे असते. आमचं आष्टा म्हणजे कृष्णाकाठचा ऊसपट्टा. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. पाहुण्याला गूळ-पाणी, गुऱ्हाळावर गेलं की रसाचा तांब्या, जत्रेला मटण, आणि कुठेही गेलं तरी भडंग. मला बायपासनंतर रसाचा एक ग्लास म्हणजे दहा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड आणि बांधावर आडवं. साखर आतड्यात धाडकन उतरते, त्याला डंपिंग म्हणतात. हे मला गुऱ्हाळावर कळलं, कारण मित्राला "नको" म्हणालो आणि कारण सांगता आलं नाही. आपल्याकडे कारणाशिवायच्या 'नको'ला किंमत नाही. 'नको' म्हणजे 'अजून आग्रह कर'. पंगतीत हात आडवा केला तरी वाढपी हातावर वाढतो. ज्याच्या पोटात चार घास मावतात त्याला पाचवा घास प्रेमाने भरवला की तो मागच्या दाराला जाऊन ओकतो आणि परत येऊन हसतो. मी ओकलोय. तीन लग्नांत. आत्या म्हणायची, "वाळलास की रं, अंगावर मास न्हाई ऱ्हायलं." वजन तेव्हा १०१ होतं!

आत्याला मी दोष कसा देऊ? तिला कुठे माहीत होतं?

शहरातल्यांनी फार हसू नये. तुमची पंगत शुक्रवारी रात्री बसते एवढंच. बायपासनंतर दारू रक्तात फार वेगाने चढते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत (ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली) ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या व्यसनाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. जेवणाचं सुख गेलं की माणूस दुसरं सुख शोधतो. टीममध्ये कोणाला माहीतच नसेल तर "एक घे रे, काय होतंय" म्हणणारे दहा, अडवणारा शून्य.

आणि मुलींचं तर विचारूच नका. आपल्याकडे मुलगी जाड असेल तर लग्न जमत नाही, आणि ऑपरेशन झालंय कळलं तरी जमत नाही. मग ते लग्नाआधी गुपचूप उरकतात आणि सासरी सांगत नाहीत. ऑपरेशननंतर साधारण बारा ते अठरा महिने मूल होऊ देऊ नये असं डॉक्टर सांगतात, कारण शरीर स्वतःलाच पुरं पडत नसतं. सासरी माहीत नाही. सहा महिन्यांत "काय गोड बातमी?" सुरू. आता ती पोरगी काय सांगणार? गोळ्या कुठे लपवणार? माझ्या गुपिताची किंमत दोन बाटल्या रक्त झाली. तिच्या गुपितात दोन जीव आहेत.

"मग काय गावभर दवंडी पिटायची?" नाही हो. आपल्या शरीराची गोष्ट कोणाला सांगायची हा ज्याचा त्याचा हक्क आहे. पण हक्काने न सांगणं वेगळं आणि लाजेने न सांगणं वेगळं. नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना २०११ मध्ये त्यांनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं. सगळ्या पेपरांत आलं. त्यांचं राजकारण पटो न पटो, पण त्यामुळे काही आकाश कोसळलं नाही. मंत्र्याला चालतं ते आष्ट्याच्या पोराला का चालू नये?

निदान तीन माणसांना सांगा. एक, जो डॉक्टर सर्दी-तापाला औषध देतो तो. दोन, घरात जो स्वयंपाक करतो तो. तीन, रोज ज्याच्याबरोबर जेवता-पिता तो. आणि पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, कोणतं ऑपरेशन, कधी झालं, कोणती औषधं चालत नाहीत. बेशुद्ध पडल्यावर खोटं बोलायला आई दरवेळी सोबत नसते.

आणि बाकीच्यांनो, तुम्हाला तर फुकटातलं काम सांगतोय. एक शब्द वापरणं बंद करा. २०२५ मध्ये वजनाची ती इंजेक्शनं, माउंजारो आणि वेगोव्ही, भारतात आली, आणि लगेच त्यांनाही 'शॉर्टकट' म्हणणं सुरू झालंय. म्हणजे आता ते लोकही लपवायला लागणार. हृदयाला स्टेंट टाकला तर कोणी "शॉर्टकट मारलास" म्हणत नाही. चष्मा लावला तर "डोळ्यांचे व्यायाम का केले नाहीस?" विचारत नाही. मग हेच का?

अल्सरनंतर मी आष्ट्याला गेलो तेव्हा पहिल्यांदा त्या डॉक्टरांकडे गेलो. दार उघडंच होतं, बाकावर माणसं होतीच. सगळं सांगितलं. ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "तेव्हाच सांगायचं की राव, मी दुसरी गोळी दिली असती." एवढंच. दुसरी गोळी. इतका साधा उपाय होता.

मग आत्याकडे गेलो. तिला बायपास म्हणजे हायवेचा एवढंच माहीत. वहीत चित्र काढून दाखवलं. तिने नीट ऐकलं, मग चांगली चिडली, लपवलं म्हणून. जेवायला वाढताना ताटात अर्धी भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ ठेवली आणि वाढायला आलेल्या सुनेला म्हणाली, "त्येला आग्रह करू नगं."

आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात मी पोट न दुखता जेवलो.

असो. वर्गमित्राला हा लेख पाठवणार आहे. पुढच्या वेळी चहाचे पैसे मी देईन.